अनुदान कोणाच्या हाती?

शेतकऱ्यासाठी शासनाने मंजूर केलेली मदत प्रत्यक्ष शेत कसणाऱ्याच्या पदरी पडतेच असे नाही. या दृष्टीने अमेरिकेच्या आर्कन्सा राज्यातील पॉइन्सेट काउंटीचा इतिहास मननीय आहे. (काउंटी म्हणजे राज्याखालील, आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग.)

कापूस हे या प्रदेशाचे मुख्य पीक. जमीन मोजक्या मळेवाल्यांची आणि राबणारी कुटुंबे अर्धेलीच्या वाटेकऱ्यांची. त्यांत गोरे होते तसेच कृष्णवर्णीयही होते. करार बहुधा तोंडी असे. बी-बियाणे, पीठ, कापड सारे मालकाच्या दुकानातून उधारीवर येई आणि हंगामाअखेर हिशेबही मालकच करी. १९२९ साली पौंडाला सुमारे १७ सेंट असलेला कापसाचा भाव १९३२ मध्ये ६-७ सेंटांवर घसरला, तेव्हा या कुटुंबांची अन्नान्न दशा झाली.

१२ मे १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कृषी समायोजन कायद्यावर स्वाक्षरी केली. उत्पादन घटवावे म्हणजे भाव चढतील आणि पेरा कमी करणाऱ्याला सरकारने मोबदला द्यावा, असे त्याचे सूत्र होते. त्या उन्हाळ्यात १ कोटी एकरांहून अधिक क्षेत्रातील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. दोन ओळींमधूनच चालण्याची सवय लागलेली खेचरे पिकावर पाय ठेवायला तयार होत नसत, असे सांगतात.

कायद्याची अंमलबजावणी काउंटी समित्यांकडे सोपविण्यात आली. स्थानिकांनी स्थानिक कारभार पाहावा, ही कल्पना चांगली होती. परंतु समित्यांवर वर्चस्व होते ते जमीनमालकांचे. १९३४ च्या करारानुसार पौंडामागे साडेचार सेंट मिळत. त्यांतील चार सेंट मालकाचे व अर्धा सेंट वाटेकऱ्याचा. तोही मालकाच्या हातून यायचा आणि पुष्कळदा जुन्या उधारीत वळता व्हायचा. शिवाय पेरा घटल्यावर इतकी माणसे हवीत कशाला? 'शक्य तोवर' कुळांची संख्या कायम ठेवावी, असे करारात कलम होते. त्या दोन शब्दांच्या फटीतून कित्येक कुटुंबे बिऱ्हाडासह रस्त्यावर आली.

जुलै १९३४ मध्ये टायरोन्झा गावाजवळील एका शाळागृहात अकरा गोरे व सात कृष्णवर्णीय पुरुष एकत्र आले आणि त्यांनी 'सदर्न टेनंट फार्मर्स युनियन' स्थापन केली. कपडेधुलाईचे दुकान चालविणारे एच. एल. मिचेल आणि पेट्रोलपंपवाले क्ले ईस्ट हे तिचे आधारस्तंभ. वर्णभेद हाडीमाशी खिळलेल्या त्या प्रांतात दोन्ही वर्णांनी एकाच संघटनेत बसणे हे मोठे धाडस होते. सभासदांना मारहाण व धाकदपटशा सोसावा लागला. मालकाने तीच कुळे कायम ठेवली पाहिजेत, असा अर्थ लावणाऱ्या कृषिखात्यातील विधिज्ञांना फेब्रुवारी १९३५ मध्ये पदे सोडावी लागली.

जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. अनुदाने मात्र नव्या कायद्यांखाली चालूच राहिली. पुढे वाटेकऱ्याचा हिस्सा थेट त्याच्या नावे देण्याची तरतूद झाली. त्यावर अनेक मालकांनी वाटेकऱ्यांना रोजंदारीवर आणले, कारण मजुराला अनुदानात वाटा नव्हता. कागदावरचा न्याय असा पुन्हा हुकला.

काउंटी पातळीवरील पक्षपाताची तक्रार पुढेही संपली नाही. कर्ज व मदत देताना वर्णभेद होतो, असा दावा कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी १९९७ साली कृषिखात्याविरुद्ध दाखल केला. १९९९ च्या तडजोडीनंतर त्यांना १ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम देण्यात आली.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कुळाला जमिनीवरचा हक्क मिळाला, त्याचे मोल या इतिहासाच्या प्रकाशात अधिक जाणवते. अनुदान किती, याची चर्चा विधिमंडळात होते. यादी कोणी केली आणि तीत नांगर धरणाऱ्याचे नाव आहे काय, हे मात्र गावानेच विचारावे लागते. टायरोन्झाच्या त्या अठरा जणांनी ते विचारले.