टीसीएस : पंचकार्डापासूनची वाटचाल

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा जन्म मुंबईतला, 1968चा. सुरुवातीचं काम घरचंच: टाटा समूहातल्या कंपन्यांचे हिशेब पंचकार्डांवर करून देणं. मग सेंट्रल बँकेसारखं बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं. एका शाखेनं काढलेला ड्राफ्ट दुसरीत वटला, की दोन्हीकडच्या नोंदी जुळवाव्या लागत. कारकुनांच्या हातून हा मेळ रेंगाळे. तो यंत्रावर गेला.

संस्थेची सूत्रं फकीरचंद कोहली यांच्याकडे आली तेव्हा परकीय चलनाचा दुष्काळ होता. परदेशी संगणक आणायचा, तर बदल्यात निर्यात करून दाखवा, ही सरकारची अट. 1974च्या सुमारास अमेरिकेच्या बरोज कंपनीचं काम मिळालं. रुग्णालयाच्या हिशेबाचे कोबॉल प्रोग्रॅम एका जातीच्या बरोज यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर न्यायचे होते. हाताशी संगणक होता भलत्याच कंपनीचा, आयसीएल 1903. ओळ न् ओळ हातानं बदलत बसण्याऐवजी मंडळींनी ती बदलून देणारा प्रोग्रॅमच लिहिला. निर्यातीच्या श्रीगणेशालाच स्वयंचलन हजर होतं.

तरी पुढची अनेक वर्षं निर्यात म्हणजे बॅग भरून विमानात बसणारा प्रोग्रॅमर. 1991 मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स आले, उपग्रहाचे दुवे मिळू लागले आणि माणूस इथं, काम तिथं अशी घडी बसली. 1995च्या जागतिक सेवाव्यापार करारात माणसानं जाऊन दिलेली सेवा आणि सीमेपलीकडून पाठवलेली सेवा हे वेगळे प्रकार ठरले. टीसीएसनं दोन्ही वाटा मळल्या.

स्वयंचलनाचा धागाही सुटला नव्हता. 1981 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या संशोधन केंद्रात कोड आपोआप तयार करणारी साधनं घडली. ‘वायटूके’च्या, म्हणजे 2000 सालच्या तारखा जुन्या प्रोग्रॅमना नीट न कळण्याच्या धांदलीत तर चेन्नईत ते दुरुस्त करणारा कारखानाच उभा राहिला. पण यंत्रानं वाचवलेले हात नव्या कामांना लागत. 2004 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. पुढे नोकरदार सहा लाखांवर गेले.

जुलै 2025 मध्ये कंपनीनं सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. कारण सांगितलं ते एआयचं नव्हे, कौशल्यं न जुळण्याचं. पण या धंद्यातलं बरंच बिल आजवर माणसं आणि त्यांचे तास मोजून निघालं. कोडच यंत्र लिहू लागलं, तर तास कुणाचे मोजायचे? एकेकाळी बँकेच्या कारकुनापुढे होता, तो प्रश्न आता प्रोग्रॅमरच्या टेबलावर आला आहे.