वायर कोणाची?

मोबाइलची कंपनी बदलायची तर एक एसएमएस करायचा, कोड घ्यायचा आणि नंबर तोच ठेवून दुसरीकडे जायचं. २० जानेवारी २०११ पासून देशभर ही सोय आहे. घरच्या ब्रॉडबँडला असं काही नाही. इथे खांदेश्वरला कंपनी बदलायची म्हणजे नवा माणूस गच्चीवर चढणार, नवी वायर खाली सोडणार, भिंतीला आणखी एक भोक पडणार आणि जुनी वायर तशीच लोंबकळत राहणार. आमच्या जिन्यात अशा कितीतरी वायरी आहेत. त्यातली चालू कुठली आणि मेलेली कुठली, हे सांगणारा कोणी सापडत नाही.

गंमत म्हणजे, हे आधी असं नव्हतं!

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. दुकान एकच. मग नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने खाजगी कंपन्यांना दार उघडलं. सत्यम ऑनलाइनसारखे पर्याय आले, तासांचे पॅक दुकानात मिळू लागले. कंपनी बदलायची म्हणजे काय, तर कॉम्प्युटरमधला फोन नंबर, युजरनेम आणि पासवर्ड बदलायचा. बस्स! कारण फोनची तार एकच होती आणि तिच्यावरून मोडेम कोणाचाही नंबर फिरवू शकत असे. अडचण काय ती ई-मेलच्या पत्त्याची. मुंबईकरांच्या पत्त्यात तेव्हा 'गियासबीएम०१' असं काहीतरी अगम्य असायचं, आणि कंपनी सोडली की पत्ता गेला. पण १९९६ साली हॉटमेल निघालं आणि हळूहळू तीही बेडी सुटली.

म्हणजे बघा, ज्या काळात एक फोटो उघडायला चहा पिऊन यावं लागे, त्या काळात ग्राहक सगळ्यात मोकळा होता.

मग ब्रॉडबँड आलं. तार तीच तांब्याची, पण आता तिच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, खास यंत्र बसवावं लागणार होतं. एक्स्चेंज सरकारी कंपन्यांचं. मग दुसऱ्या कंपनीने आपलं यंत्र तिथे ठेवायचं की नाही? एप्रिल २००४ मध्ये ट्रायने शिफारस केली की ठेवू द्यावं, घरापर्यंतची तार भाड्याने सगळ्यांना खुली करावी. देशात तेव्हा चार कोटींच्या आसपास लँडलाइन होत्या. पण १४ ऑक्टोबर २००४ ला ब्रॉडबँड धोरण जाहीर झालं त्यात ही सक्ती नव्हती. कंपन्यांनी आपापसात जमवून घ्यावं, असं ठरलं. ते कशाला जमतंय!

२००५ च्या जानेवारीत बीएसएनएल आणि एमटीएनएलने आपापलं ब्रॉडबँड आणलं. या दोघांतही निवड नव्हती, कारण हद्द ठरलेली. एमटीएनएल मुंबईच्या बाजूची, आणि आपण पडलो पनवेलच्या बाजूचे, म्हणून बीएसएनएल. ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या तेव्हा २५६ केबीपीएस होती! काही प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ पर्यंतचं डाउनलोड मोजलं जात नसे, म्हणून लोक गजर लावून उठत. कॉलेजातली पोरं अभ्यासाला उठत नसतील इतक्या नेमाने.

दुसरा रस्ता केबलवाल्याचा. टीव्हीसाठी त्याची वायर गच्च्यांवरून आधीच फिरत होती, तिच्यावरूनच इंटरनेट आलं. पण केबलवाल्यांचेही एरिया वाटलेले. सिडकोने या गावात सेक्टर आखले, रस्ते आखले, गटारं आखली. ही वायर मात्र कोणीच आखली नाही. ज्याची वायर ज्या इमारतीत आधी शिरली, त्याची ती इमारत.

सरकारची बाजू अगदीच लंगडी नव्हती. तांब्याच्या भाड्यावर पोट भरलं तर नवी वायर कोण टाकेल, हा प्रश्न खरा आहे, आणि पुढे फायबर टाकलं गेलं हेही खरं. पण त्याच धोरणात २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचं लक्ष्य होतं आणि २०१० संपताना आकडा १.१ कोटींच्या आसपास होता. तिकडे ब्रिटनने तारांचा कारभार २००६ मध्ये 'ओपनरीच' या वेगळ्या शाखेकडे दिला. तार तीच, विकणारे अनेक. १२ सप्टेंबर २०२४ पासून तर तिथे फक्त नव्या कंपनीला सांगायचं, जुन्या कंपनीशी ती परस्पर बोलते.

आपल्याकडे तांब्याचं भांडण आपोआपच मिटलं. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबर आलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तारेवरच्या फोनच्या ग्राहकसंख्येत जिओने बीएसएनएललाही मागे टाकलं. तार बदलली, नियम तोच राहिला. ज्याची काच त्याचा ग्राहक.

मागे आम्ही कंपनी बदलली तेव्हा नवं चालेपर्यंत जुनं सोडायचा धीर झाला नाही. घरातून नोकरी करणाऱ्याला मधले चार दिवस कोण देतो? महिनाभर दोन्ही बिलं भरली. अनामत रकमेसाठी जुन्या कंपनीकडे केलेले फोन वेगळेच.

आता कोणी विचारलं, "काका, इथे कुठलं नेट चांगलं?" तर मी स्पीड सांगत नाही. आधी विचारतो, तुमच्या बिल्डिंगमध्ये वायर कोणाकोणाची आली आहे? एकाचीच असेल तर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला जा आणि डक्ट सगळ्यांना खुला ठेवायचा ठराव मांडा. दिल्लीत २००४ साली जे राहून गेलं, ते निदान एका जिन्यापुरतं आपल्या हातात आहे.

असो. तुमच्या जिन्यात किती वायरी आहेत? मोजून बघा एकदा.