तळहातावरचा आवळा

एखादी गोष्ट अगदीं स्वच्छ दिसते असें सांगावयाचें झालें, म्हणजे आपले शास्त्रकार 'करतलामलकवत्' असें म्हणत. तळहातावर ठेवलेला आवळा जसा सर्व बाजूंनीं दिसतो, तशी ती गोष्ट दिसते, हा त्याचा भावार्थ. परंतु, श्रोतेहो, त्या आवळ्याच्या पोटांत काय आहे, हें कळावयास विसावें शतक उजाडावें लागलें. आणि तें ज्ञानही पुढें पुन्हा तपासून घ्यावें लागलें.

चरकसंहितेंत रसायनप्रकरणाच्या आरंभींच आवळ्याला मानाचें स्थान आहे. च्यवनप्राशाचें मुख्य द्रव्य आवळाच. खारट वगळून बाकीचे पांचही रस त्यांत आहेत, असें वैद्य सांगत आले. आपल्या घरांतूनही कार्तिक शुद्ध नवमीचें आवळीभोजन आणि बरणींतला मोरावळा ह्यांनीं ती ओळख जपली. मात्र गुण ठाऊक असणें वेगळें आणि त्याचें कारण ठाऊक असणें वेगळें.

१९२८ सालीं सेंट-ज्यॉर्जी ह्या हंगेरियन शास्त्रज्ञानें एक आम्ल वेगळें काढलें. तेंच 'क' जीवनसत्त्व, हें १९३२ सालीं निश्चित झालें. त्याच्या अभावीं शरीराच्या पेशी सांधून धरणारें कोलॅजन नीट तयार होत नाहीं. हिरड्यांतून रक्त येतें, जखमा भरत नाहींत. हाच स्कर्व्ही रोग. आवळ्यांत हें सत्त्व विपुल आढळलें. पण तें उष्णतेनें नाश पावणारें. मग वाळलेल्या आवळ्यांतही तें कसें टिकतें? १९३६ सालीं दामोदरन व नायर ह्यांनीं दाखविलें कीं, आवळ्यांतील टॅनिन हें तुरट द्रव्यच त्याचें रक्षण करतें. ज्या तुरटपणानें मुलें तोंड वाकडें करतात, तोच ह्या सत्त्वाचा पहारेकरी ठरला!

ह्या गुणाची कसोटी लवकरच लागली. १९३९-४० मध्यें तेव्हांच्या पंजाबांतील हिसार जिल्ह्यांत दुष्काळ पडला आणि स्कर्व्ही दिसूं लागला. त्या वेळीं आवळ्याची पूड देऊन रोग्यांवर यशस्वी उपचार करण्यांत आले.

कथा येथें संपत नाहीं. आवळ्याचा गुण जीवनसत्त्वाचा नसून 'एम्ब्लिकानिन' नांवाच्या दोन टॅनिनांचा आहे, असें १९९६ सालीं कांहीं संशोधकांनीं प्रतिपादिलें. २००९ सालीं फेरतपासणी झाली, तेव्हां त्या नांवांखालीं गणलीं जाणारीं द्रव्यें वस्तुतः गॅलिक आम्लाचीं निराळींच संयुगें असल्याचें आढळलें. जीवनसत्त्व फळांत होतेंच, परंतु पूर्वीं मोजलें त्याहून कमी. शंभर ग्रॅम आवळ्यांत ६०० मिलिग्रॅम, हा जुन्या कोष्टकांतला आंकडा. २०१७ च्या भारतीय कोष्टकांत तो सुमारें २५० वर आला. तरीही तो संत्र्याच्या कितीतरी पट आहे.

त्या संयुगांपैकीं ग्लुकोगॅलिन हें, मधुमेहांत डोळ्यांच्या भिंगाला अपाय करणाऱ्या एका विकराला रोखतें, असें २०१२ सालच्या प्रयोगांत दिसलें. पण तो प्रयोगशाळेंतला निष्कर्ष आहे. एवढ्यावरून मोरावळा हें मधुमेहाचें औषध ठरत नाहीं. आवळ्याच्या नांवावर सर्व रोग बरे करण्याचीं आश्वासनें देणारे आपल्याला आवळा देऊन कोहळाच काढीत असतात.

आंकडा खालीं आला म्हणून आवळ्याला उणेपणा येत नाहीं. हिसारचे रोगी बरे झाले, ते कोष्टकांतल्या आंकड्यानें नव्हे. फळांत जेवढें सत्त्व खरोखर होतें, तेवढ्यानें.