कोंबड्यांवर उभा राहिलेला रेडिओ

आज आम्ही ज्या नभोवाणीचा इतिहास सांगणार आहोत तिचा आरंभ कोंबड्यांपासून होतो. हे ऐकून कोणास हसू आले तर येऊ द्यावे. आम्हांसही प्रथम आलेच होते.

दक्षिण अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात कोलंबिया हा देश आहे. त्याची राजधानी बोगोटा. तिच्या ईशान्येस अँडीज पर्वताच्या कुशीत तेन्सा नावाचे खोरे असून त्यात सुतातेन्सा हे लहानसे गाव वसलेले आहे. १९४७ साली तेथील चर्चमध्ये होसे होआकिन साल्सेदो नावाचा एक तरुण पाद्री साहाय्यक म्हणून रुजू झाला. वय पंचविशीच्या जेमतेम पुढे. गाव कसे? तर डोंगरउतारावर विखुरलेली घरे, मक्याची व बटाट्याची शेती, आणि बहुतेकांना अक्षराची ओळख नाही. रविवारी प्रार्थना आटोपली की मंडळी चिचा, म्हणजे मक्याची दारू, ढोसावयास बसत, आणि संध्याकाळचा शेवट पुष्कळदा मारामारीत होई. पाद्रीबुवांनी दारूवर प्रवचने झोडली नाहीत. त्यांनी एक चित्रपटयंत्र आणले आणि गावच्या चौकात चित्रपट दाखविण्यास प्रारंभ केला. लोटली गर्दी! मग नाटकगृह बांधावे असे ठरले. पण पैसा कोठून आणायचा? शेतकऱ्यापाशी रोकड नव्हती. कोंबडी मात्र प्रत्येक घरी होती. घरटी एक कोंबडी द्यावी, असे आवाहन झाले आणि बघता बघता हजाराहून अधिक कोंबड्या जमल्या. त्या विकून इमारतीचा पाया पडला.

कोंबडीचा हा उल्लेख आम्ही गमतीखातर केलेला नाही. जो मनुष्य आपल्या खुराड्यातील कोंबडी देतो तो त्या कामाचा नुसता लाभार्थी राहत नाही. त्याला विचारण्याचा अधिकार येतो.

त्याच वर्षी साल्सेदोंनी शंभरएक वॅटांचे एक छोटे प्रक्षेपणयंत्र उभारले व डोंगरापलीकडच्या घरांत मोजके रेडिओ नेऊन ठेवले. ‘रेडिओ सुतातेन्सा’चा जन्म हा असा झाला. कल्पना मोठी साधी होती. शिक्षक डोंगर चढून येत नाही, तर त्याचा आवाज चढून येईल. ज्या घरी रेडिओ असेल तेथे शेजारपाजारची माणसे कंदिलाच्या उजेडात जमत. त्यांच्यातलाच एखादा थोडेफार वाचता येणारा, मग तो घरचा मुलगा का असेना, फळ्यापाशी उभा राही. रेडिओवरून आवाज येई, ‘आता हे अक्षर काढा,’ आणि तो ते काढी. ज्ञान आवाजाचे, हात शेजाऱ्याचा. या मदतनिसावाचून नुसत्या यंत्राने काहीही साधले नसते असे आमचे मत आहे. अक्षरांबरोबर अंक, आरोग्य, शेती व संसाराचा हिशेब आणि धर्म असे पाच विषय शिकवीत. खत कसे कुजवावे, चूल जमिनीवरून उंच कशी घ्यावी, संडास कसा बांधावा, हेही त्यांत आले. हे काम चालविण्यासाठी ‘अक्सिओन कुल्तुराल पोपुलार’ म्हणजे लोकसंस्कृती-कार्य ही संस्था निघाली. १९५८ मध्ये तिने ‘एल काम्पेसिनो’ हे शेतकऱ्यांचे साप्ताहिक काढले. नव्याने वाचावयास शिकलेल्याला वाचण्याजोगे काही तरी हवेच ना? साठीच्या दशकात अशा घरगुती शाळांची संख्या वीस हजारांच्या वर गेली.

हा काळ कोलंबियाला सुखाचा नव्हता. ९ एप्रिल १९४८ रोजी गायतान या लोकप्रिय पुढाऱ्याचा बोगोटात खून झाला, आणि दोन पक्षांच्या वैरात खेडोपाडी लक्षावधी माणसे मारली गेली. अशा दिवसांत शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या घरी फळ्यासमोर बसणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संस्थेने शेतकऱ्यांना विकलेल्या रेडिओंपैकी पुष्कळांवर एकच केंद्र लागे. बॅटरी वाचते, मन भटकत नाही, असे त्याचे समर्थन करता येईल. पण कान दिले एकालाच, ही अडचण राहतेच. दारिद्र्याचे मूळ माणसाच्या मनात आहे, असे साल्सेदो मानीत. त्यावर टीकाकार विचारीत की मूळ मनात असेल, पण जमीन कोणाच्या नावावर आहे? या प्रश्नाला त्या केंद्रावरून पुरेसे उत्तर मिळाले नाही, असे आम्हांसही वाटते.

याच सुमारास आपल्याकडेही एक प्रयोग झाला होता. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, युनेस्कोच्या साहाय्याने, पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांसाठी आठवड्यातून दोनदा मराठीतून कार्यक्रम केले. गावोगावी श्रोत्यांची मंडळे बसत, ऐकत, वाद घालीत आणि आपले प्रश्न पुण्यास लिहून पाठवीत. पुढल्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हा या मंडळांच्या गावी लोकांची माहिती लक्षात येण्याइतकी वाढलेली आढळली. आमच्या प्रयोगात चर्चा अधिक होती, त्यांच्यात चिकाटी अधिक. आमचा खर्च सरकारचा. त्यांच्या पायात शेतकऱ्याची कोंबडी.

पण पाया राहिला, वरचे मजले मात्र दुसऱ्याच्या पैशाने चढले. संस्था वाढली, प्रक्षेपणयंत्रे प्रचंड झाली, आणि परदेशच्या देणग्या, कर्जे व सरकारी मदत यांवर तिचा डोलारा तोलून राहिला. संततिनियमनाच्या प्रश्नावर तिने जबाबदार पालकत्वाचा पुरस्कार केला, तेव्हा चर्चमधील वरिष्ठांशी खटके उडाले. मदत आटली, कर्ज उरले. खिशात मावणाऱ्या ट्रान्झिस्टरवर शेतकऱ्याला आता हवे ते केंद्र लावता येत होते, आणि त्याने ते लावले. याचा दोष त्याला कोण देईल? १९८९ मध्ये केंद्रे ‘काराकोल’ या व्यापारी नभोवाणी कंपनीस विकली गेली. साल्सेदो १९९४ मध्ये मायामी येथे, मायदेशाबाहेर वारले.

चाळीस वर्षांत शेतकऱ्यांनी या केंद्राला दहा लाखांहून अधिक पत्रे लिहिली. पिकावरची कीड, आजारी गाय, मुलीचे लग्न, काय वाटेल ते. पत्रांना उत्तरे देण्यासाठी संस्थेत स्वतंत्र विभाग होता. या पत्रव्यवहारातील पुष्कळ पत्रे आज बोगोटाच्या लुइस आंखेल आरांगो ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. ज्यांना काही वर्षांपूर्वी सही करता येत नव्हती, अशांच्या हातची वेडीवाकडी अक्षरे त्यांत आहेत.