स्वस्त यंत्राचें आयुष्य
(नभोवाणीवरील भाषण)

इतिहास म्हटला कीं किल्ले, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढें उभे रहातात. मी आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहें, ती एका हातानें उचलून नेतां येते, आणि आपल्यापैकीं कित्येकांच्या माळ्यावर ती अद्याप धूळ खात पडलेली असेल. ती वस्तु म्हणजे ध्वनिफिती वाजविणारा स्वस्तांतला स्टीरिओ. गिरगांवापासून लालबागेपर्यंतच्या चाळींत त्याला कोणी ‘टेप’ म्हणत, कोणी ‘टू-इन-वन’ म्हणत. इतकी हलक्या किंमतीची वस्तु रोजच्या राबत्यांत वीस-वीस, तीस-तीस वर्षें टिकली कशी, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला होता. त्याचें मला सांपडलेलें उत्तर आपणांपुढें ठेवतों.

प्रथम या यंत्राच्या पूर्वजांकडे वळूं. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें, आणि हळूहळू गिरगांवांतील सुखवस्तु घरांत ग्रामोफोनची पेटी दिसूं लागली. मूठ फिरवून तिला चावी द्यावयाची. तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई, दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत संपे, आणि पोलादी सुई वरचेवर बदलावी लागे. पेटी दणकट होती. तबकडी मात्र लाखेची, हातांतून निसटली कीं तिचे तुकडे. पुढें २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस नभोवाणी सुरू झाली. पण तेव्हांचा रेडिओ जड व महाग असे, आणि त्यासाठीं सरकारी परवाना घ्यावा लागे. गिरणी-कामगारास तो हॉटेलांत बसून ऐकण्याचीच चैन परवडे. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रँझिस्टरचा शोध लागला, आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत सेलवर चालणारा लहानसा रेडिओ परळ-लालबागच्या खोल्यांत आला. मुंबई केंद्रावरील ‘कामगार सभा’ आमच्या चाळींत दाराआड दारें ऐकूं येई. तथापि रेडिओ जें ऐकवील तें ऐकावयाचें. आपलें म्हणणें त्यांत सांठवून ठेवण्याची सोय नव्हती.

ती सोय ध्वनिफितीनें केली. १९६३ सालीं बर्लिनच्या रेडिओ-प्रदर्शनांत फिलिप्स कंपनीनें आपली लहानशी बंद ध्वनिफीत प्रथम लोकांपुढें मांडली. तिचे जनक लू ओटेन्स यांनीं आधीं एक लांकडी ठोकळा करवून घेतला आणि तो कोटाच्या खिशांत मावतो कीं नाहीं, तें पाहिलें, असें सांगतात. चार मिलिमीटरांहून किंचित अरुंद अशी ही फीत सेकंदास पावणेपांच सेंटिमीटर या वेगानें सरकते. परंतु तिच्या आकाराहूनही महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ठराविक माप पाळण्याच्या अटीवर कंपनीनें ती बनविण्याची मोकळीक इतरांस दिली. त्यामुळें जपानांत, हाँगकाँगांत किंवा मुंबईंत बनलेल्या कोणत्याही यंत्रांत कोणतीही फीत बसूं लागली. दुहेरी ध्वनीच्या, म्हणजे स्टीरिओ फितीवरील दोन पट्टे अशा खुबीनें शेजारीं शेजारीं ठेविले होते कीं, एकेरी ध्वनीचें जुनें यंत्रही ती फीत वाजवूं शके. नव्यानें जुन्यास बाद करावयाचें नाहीं, हें शहाणपण तिच्या आंखणींतच होतें.

मुंबईस हीं यंत्रें प्रारंभीं परदेशांतून आलीं. कोणाचा भाऊ आखाती देशांत नोकरीस असे, तो सुटीवर येतांना घेऊन येई. पुढें लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आतांच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग जुळवून केलेलीं बिननांवाचीं यंत्रें निम्म्याहून कमी दरांत मिळूं लागलीं. १९८१ च्या दिवाळींत माझ्या वडिलांनीं असेंच एक यंत्र घरीं आणलें. ते लालबागेंतील एका गिरणींत साचेवाले होते. मी नुकताच मॅट्रिक होऊन मास्तरकीस लागलों होतों. यंत्राला दोन कर्णे होते आणि पुढें ‘स्टीरिओ’ अशीं चकचकीत अक्षरें होतीं. वर्षाच्या आंत डावा कर्णा मुका झाला. आईनें त्यावर विणलेला रुमाल घातला, आणि उजव्यावर आमचा संसार चालूं लागला.

त्या दिवाळीच्या बोनसावरूनच गिरणगांवांत असंतोष पेटला होता. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधींच मागें घेतला गेला नाहीं. पहिल्या पावसाळ्यापर्यंत आमच्या घरांतील पितळेचीं भांडीं गेलीं, आईच्या बांगड्या गेल्या, भिंतीवरचें घड्याळ गेलें. एके दिवशीं वडील यंत्र घेऊन जुन्या सामानाच्या दुकानांत गेले. दुकानदारानें मुका कर्णा पाहून जी किंमत सांगितली, ती ऐकून ते यंत्र तसेंच परत घेऊन आले. स्वस्त वस्तूच्या दीर्घायुष्याचें हें पहिलें कारण मला त्या दिवशीं समजलें: ज्याला बाजारांत मोल नाहीं, तें घरांत रहातें.

पुढें वडील राजापूर तालुक्यांतील आमच्या गांवीं शेतीस निघून गेले. यंत्र त्यांनीं बरोबर नेलें, एस.टी.च्या टपावर, गोणपाटांत गुंडाळून. गांवीं तें चुलीजवळच्या खुंटीस टांगलेलें असे. धूर, दमट हवा आणि सेलांचा तुटवडा यांतून तें चालत राहिलें. वडिलांस अक्षरओळख बेताचीच होती. म्हणून पत्राऐवजीं ते फितीवर बोलत आणि मुंबईस येणाऱ्या माणसाबरोबर ती फीत पाठवीत. आमच्यापाशीं यंत्र उरलें नव्हतें. शेजारच्या बिऱ्हाडाच्या यंत्रावर आम्ही ती वाजवीत असूं. दोन यंत्रांची जात निराळी, पण फीत दोहोंत बसे. हें दुसरें कारण. एक माप सर्वांनीं पाळलें म्हणजे एकाची वस्तु बिघडली तरी दुसऱ्याची कामास येते.

त्या फितींपैकीं एक अजून माझ्यापाशीं आहे. तींत भात लावून झाल्याची हकीकत आहे, गाय व्याल्याची बातमी आहे, आणि शेवटीं थोडें थांबून वडिलांनीं विचारलें आहे, “बाळा, भोंगा वाजला काय रे?” पुढें कांहीं गिरण्यांचे भोंगे वाजले. वडिलांस मात्र पुन्हां कामावर घेतलें नाहीं. १९८७ सालीं ते गांवींच वारले, आणि यंत्र माझ्याकडे परत आलें.

आतां तिसरें कारण, आणि माझ्या मतें सर्वांत मोठें. हें यंत्र पांच-सहा स्क्रू काढले कीं उघडत असे. आंत एक लहान मोटर, तिच्यावरून चाकाकडे जाणारा रबरी पट्टा, फितीस ओढणारी पोलादी कांडी, तिच्यावर दाबून बसणारें रबरी चाक, आणि फितीवरचा ध्वनि वाचणारें डोकें, एवढाच मुख्य ऐवज. पट्टा सैल झाला कीं गाणें रडूं लागे. नवा पट्टा चार-आठ आण्यांचा. डोक्यावर फितीची तपकिरी पूड सांचली कीं आवाज घोगरा होई. कापसाचा बोळा स्पिरिटांत बुडवून तें पुसावें. सेल पाझरून पट्ट्या गंजल्या कीं कांचकागदानें घासाव्या. फीत गुंतली तर षट्‌कोनी पेन्सिल तिच्या चक्रींत घालून फिरवावी. हें तर पहिलीचें पोरही करी. बिघाड लहान, इलाज लहान, आणि दोन्ही डोळ्यांस दिसणारे.

जें घरांत जमत नसे, तें जिन्याखालीं जमे. आमच्या चाळीच्या जिन्याखालीं संपांत बेकार झालेला एक तरुण सोल्डरची इस्तरी घेऊन बसे. गिरणींत तो यंत्रांची देखभाल करीत असे. त्याच हातांनीं तो आतां रेडिओ आणि टेप दुरुस्त करूं लागला. लॅमिंग्टन रोडवरून तो पट्टे आणि मोटरी आणी, आणि मेलेल्या यंत्राचे अवयव जिवंत यंत्रांत बसवी. आमच्या यंत्राचा पट्टा त्यानें निदान सात वेळां व मोटर एकदां बदलली. मुका कर्णाही त्यानेंच एका मोडक्या यंत्रांतून काढून बसवून दिला; तोही दोन पावसाळ्यांनीं मुका झाला, ही गोष्ट निराळी.

या स्वस्त यंत्रानें संगीताचा बाजारही पालटला. तोंपर्यंत ध्वनिमुद्रणाचा धंदा जवळजवळ एकाच मोठ्या कंपनीच्या हातीं होता. फीत काढण्यास खर्च थोडा, म्हणून लहान लहान कंपन्या निघाल्या, आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा आवाज घरोघर, मांडवोमांडवीं पोंचला. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानें १९९३ सालीं भारतांतील या ध्वनिफितींवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे.

पुढें तबकड्या पुन्हां आल्या, या वेळीं चकचकीत सी.डी.च्या रूपानें, मग मोबाईल आला. गिरण्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले. आमची चाळ पाडली गेली, आणि तिच्याबरोबर तो जिनाही गेला. नव्या इमारतीस उद्वाहक आहे. त्याच्याखालीं कोणास बसतां येत नाहीं. आजचें यंत्र पहावें तर त्याची पेटी डिंकानें बंद केलेली, आंतील बॅटरी चिकटविलेली. तें आमच्या टेपाहून शतपट हुशार आहे, परंतु बिघडलें कीं दुरुस्तीपेक्षां नवें घेणें सोयीचें, असें दुकानदारच सांगतो. २०२२ सालीं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, हें योग्यच झालें. पण हक्क कागदावर आला तरी इस्तरी धरणारा हात शिल्लक पाहिजे.

माझ्या नातवानें वडिलांचा तो आवाज संगणकांत उतरवून ठेविला आहे. त्याची मला हरकत नाहीं. तरीही महिन्यांतून एकदां मी तें जुनें यंत्र चालवितों, कारण रबरी पट्टा एकाच जागीं ताणून राहिला कीं त्याचा आकार बिघडतो. वापरानें झिजतें खरें, पण न वापरल्यानें त्याहून लौकर मरतें. आपल्या माळ्यावर असें एखादें यंत्र असेल, तर येत्या रविवारीं तें खालीं काढा. आंतील जुने सेल आधीं काढून टाका, पट्ट्या पुसा, आणि मग एखादी फीत लावून पहा. तींत कोणाचा आवाज असेल, तें आपल्यालाच ठाऊक.