अंगणातील मुले आणि घरचा कॅमेरा

तापीच्या काठी, सुरतेपासून थोड्याच अंतरावर कामरेज हे गाव आहे. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या प्रवाशाला ते महामार्गावरील एक गजबजलेला नाका म्हणून ठाऊक असते. इतिहासाच्या अभ्यासकाला ते निराळ्या नावाने परिचित आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस नवसारीकडील चालुक्यांनी दिलेल्या ताम्रपटांत ‘कार्मणेय आहार’ अशा एका प्रदेशविभागाचा उल्लेख येतो, आणि हे कार्मणेय म्हणजेच आजचे कामरेज असे संशोधक मानतात. अशा ताम्रपटांत काय राहते? दान देणाऱ्याची वंशावळ, घेणाऱ्याचे गोत्र, दिलेल्या गावाच्या चतुःसीमा आणि दान मोडणाऱ्यासाठी शापवचने. त्या वर्षी त्या गावी किती मुले रांगत होती, कोणाच्या पडवीत पाळणा टांगलेला होता, याची दखल तांब्याने घेतली नाही.

पुढे हा मुलूख गायकवाडांकडे आला. बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात कामरेज हा एक महाल होता. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० च्या मे महिन्यापासून हा प्रदेश गुजरात राज्यात आहे. महालाच्या दप्तराचा विषय जमाबंदी. तेथे मूल येई ते वारस म्हणून. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले, तेव्हा शाळेच्या पटावर मुलामुलींची नावे चढू लागली, हा त्या काळी लहान बदल नव्हता. तथापि मूल हे मूल म्हणून, म्हणजे नाक वाहणारे, एका पायात चप्पल असलेले, आजीच्या पदराआड लपलेले असे, कागदावर उतरायला आणखी एका वस्तूची वाट पाहावी लागली. ती वस्तू म्हणजे घरच्याच माणसाच्या हातातला कॅमेरा.

छायाचित्रणाची कला १८३९ साली युरोपात जाहीर झाली व वर्षभरातच हिंदुस्थानात येऊन पोहोचली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हौशी सभासदांपैकी एक. व्यवसायाने वैद्य असलेल्या या गृहस्थाने निरनिराळ्या जातिधंद्यांतील मुंबईकरांची छायाचित्रे घेतली, ती आजही अभ्यासली जातात. त्या पिढीच्या हौशी माणसांची दृष्टी घराबाहेर वळलेली होती. लेणी, देवळे, किल्ले, बाजारातील माणसे हे त्यांचे विषय. स्वतःच्या माजघराकडे कॅमेरा फिरवावा असे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना वाटले.

यात सगळा दोष दृष्टीचा नव्हता. १८५१ नंतर रूढ झालेल्या पद्धतीत काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि ओला असतानाच ती काच धुवायची. भिंग कित्येक सेकंद उघडे ठेवावे लागे. देऊळ तितका वेळ सहज उभे राहते. दोन वर्षांचे मूल राहत नाही. विलायतेतील चित्रगृहांत यावर एक विलक्षण तोड काढलेली होती. आईलाच खुर्चीसारखे कापडाखाली झाकून बसवीत आणि तिच्या मांडीवर मूल ठेवीत. मूल स्थिर राही आणि आई चित्रातून नाहीशी होई. अशी कितीतरी चित्रे आज संग्रहांत आहेत. कापडाच्या घडीतून मधेच एखादा हात बाहेर आलेला दिसतो, आणि पाहणाऱ्याची नजर बाळाला सोडून त्या हातावरच खिळते.

आपल्याकडे याखेरीज दृष्टीची भीती होती. ज्या घरात बाळाच्या गालाला काजळाची तीट लावल्याखेरीज त्याला ओटीवर आणीत नसत आणि झोपलेल्या मुलाकडे टक लावून पाहू देत नसत, त्या घरात काचेच्या एका डोळ्याने मुलाकडे रोखून पाहावे हे कोणाला रुचणार? तिला केवळ अडाणीपणा म्हणून बाजूला सारता येत नाही. देवी, पटकी आणि पुढे प्लेग यांनी ज्या काळी घरेच्या घरे रिकामी केली, त्या काळातील आईबापांची ती भीती होती.

कोरड्या लेपाच्या काचा १८८० च्या सुमारास बाजारात आल्या आणि सेकंदाच्या अंशात चित्र घेता येऊ लागले. १८८८ साली अमेरिकेत ईस्टमनचा कोडॅक निघाला, त्यात शंभर चित्रांची गुंडाळी असे. १९०० साली त्याच कंपनीने एका डॉलरला ‘ब्राउनी’ नावाची पेटी विकावयास काढली आणि ती मुद्दाम मुलांसाठी म्हणून जाहीर केली. फ्रान्समध्ये याच सुमारास लार्तीग नावाचा एक श्रीमंत घरचा मुलगा वडिलांनी दिलेल्या कॅमेऱ्याने आपल्या आप्तांच्या उड्या, शर्यती आणि पडझडी टिपू लागला होता. मोठ्यांनी मुलांकडे पाहण्याऐवजी मुलानेच मोठ्यांकडे पाहिले तर काय दिसते, ते त्याच्या वह्यांतून कळते.

गायकवाडांच्या मुलखात ही विद्या आणली ती बडोद्याच्या कलाभवनाने. १८९० साली निघालेल्या या संस्थेचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे मूळचे सुरतेचे रसायनशास्त्रज्ञ. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून याच कलाभवनात आले आणि तेथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. गज्जरांनी त्यांची चिकाटी हेरली, प्रयोगशाळा वापरू दिली व छपाईची तंत्रे शिकण्यासाठी त्यांना रतलामला धाडले. पुढे फाळक्यांनी गोधऱ्यास स्वतःचे छायाचित्रगृह काढले. कॅमेरा माणसाचे सत्त्व ओढून घेतो या समजामुळे लोक तिकडे फिरकेनात, असे सांगतात. त्याच गोधऱ्यात प्लेगने फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल ही दोन्ही गेली. कॅमेऱ्याने आयुष्य घटते म्हणणाऱ्या गावात खुद्द कॅमेरेवाल्याचे घर ओस पडले. फाळक्यांनी गोधरा सोडले.

फाळक्यांची जगाला ठाऊक असलेली कथा याच्यापुढची आहे. परंतु ती सांगताना एक गोष्ट सहसा निसटते. ती कथा मुळात एका घराची आहे. १९११ च्या एप्रिलमध्ये ते थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावात चित्रपट पाहावयास गेले. मुलाने घरी येऊन पडद्यावरची जनावरे वर्णन केली ती कोणास खरी वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे कुटुंब गेले. ईस्टरचा सण असल्याने त्या दिवशी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट होता, आणि येथून फाळक्यांचा ध्यास सुरू झाला. १९१२ साली ते विलायतेस जाऊन विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन आले. दादरच्या बंगल्यात यंत्रे मांडली गेली. फिल्मला कडेची भोके पाडणे, ती धुणे, रसायने मिसळणे ही कामे दुसरी पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत रात्री शिकल्या. दागिने गहाण पडले ते त्यांचेच.

या नव्या कॅमेऱ्याने प्रथम काय टिपले? राजा नव्हे, देवही नव्हे. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी फाळक्यांनी बंगल्याभोवतालची मुले-मुली खेळत असताना त्यांचे चित्रण केले. त्यानंतर कुंडीत वाटाणे पेरून रोज एकेक चित्र घेत महिन्याभराची ‘अंकुराची वाढ’ एका मिनिटात दाखविली आणि तिच्या बळावर भांडवल उभे केले. वाटाण्याचा वेल इतिहासात गेला. ती अंगणातली मुले मात्र चाचणीची पट्टी म्हणून संपली. त्यांची नावे राहिली नाहीत आणि ती पट्टीही आज पाहावयास मिळत नाही. हौशी माणसाच्या घरगुती चित्रांचे भाग्य बहुधा असेच असते: घेताना ती ‘सहज’ असतात, म्हणून जपली जात नाहीत.

‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. त्यात रोहिदास झाला तो भालचंद्रच. चित्रणाच्या दिवसांत खेळताना पडून त्याच्या डोक्याला मार लागला आणि तो बेशुद्ध झाला. उपचारानंतर फाळक्यांनी त्याच अवस्थेत रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग चित्रित केला, अशी हकीकत चरित्रकार देतात. ही हकीकत ध्येयनिष्ठेचा दाखला म्हणून कौतुकाने सांगितली जाते. तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. ज्याने एक मूल प्लेगात गमावले होते, त्या बापाने दुसऱ्या बेशुद्ध मुलापुढे कॅमेरा चालू ठेवला. कॅमेरा हाती असलेल्या आईबापांना या प्रसंगाची लहानशी आवृत्ती ओळखीची वाटेल: मूल रडते आहे, त्याला आधी उचलावे की आधी कळ दाबावी?

१९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. कथा सुरू होण्यापूर्वी सात वर्षांच्या या मुलीचा नुसता चेहरा पडद्यावर येतो. ती हसते, रागावते, रडू आणते आणि मग हळूहळू तिच्या जागी मुकुटधारी कृष्ण दिसू लागतो. तो मुकुट येण्यापूर्वीचे काही क्षण म्हणजे घरी बापाने मुलीला ‘आता रागावून दाखव बघू’ म्हणावे आणि तिने दाखवावे, असेच आहेत. या चित्रपटाचा बराच भाग सुदैवाने वाचला आहे.

हौस म्हणून आयुष्यभर घरच टिपीत राहिलेला माणूस पाहावयाचा तर उमरावसिंग शेरगिल यांच्याकडे वळावे लागते. या विद्वान शीख सरदाराने सुमारे सहा दशके पत्नी, अमृता व इंदिरा या मुली आणि स्वतःची छबी यांची असंख्य चित्रे घेतली. अमृता पुढे थोर चित्रकार झाली म्हणून ती जपली गेली हे खरे. नातू विवान सुंदरम् यांनी त्यांतून नव्या कलाकृतीही रचल्या. पण घेणाऱ्याला पुढचे काय ठाऊक? त्याच्यासमोर आरशाशी खेळणाऱ्या दोन मुली होत्या. कामरेजच्याच प्रांतात, नवसारीस १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला पुढे देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून नावाजल्या. त्यांचाही आरंभ मुंबईतल्या स्त्रियांच्या एका वनभोजनाच्या चित्रांपासून झाला.

मध्यमवर्गीय घरांत कॅमेरा खरोखर शिरला तो स्वातंत्र्यानंतर. बडोद्याच्याच न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक’ पुढची कित्येक वर्षे गुजरात-महाराष्ट्रातील घराघरांत दिसे. एका रोलमध्ये बारा चौरस चित्रे. बारा या आकड्याने घरातील छायाचित्रणाचा सगळा शिष्टाचार ठरविला. बारसे, वाढदिवस, मुंज, पाहुण्यांचा निरोप अशा प्रसंगी एकेक चित्र हिशेबाने घ्यायचे. सर्वांनी उन्हाकडे तोंड करून, डोळे किलकिले करून उभे राहायचे. मग नऊ-दहा चित्रे झाल्यावर रोल आत अडकून पडे. धुवायला द्यावा तर उरलेली दोन फुकट जातात. अशा वेळी घरचा छायाचित्रकार ‘रोल संपवून टाकू’ म्हणून उठे आणि समोर जे असेल ते टिपी: तांदूळ निवडणारी आजी, न्हाणीच्या दगडावर साबणाने माखलेले पोर, दप्तर फेकून पायरीवर बसलेली मुलगी. जुन्या वह्या चाळताना असे दिसते की मुंजीची चित्रे एकमेकांसारखी असतात आणि घर दिसते ते या शेवटच्या दोन चित्रांत.

काही घरांत धुण्या-छापण्याचे कामही घरीच चाले. न्हाणीघराच्या झरोक्याला घोंगडी, तांबड्या कागदात गुंडाळलेला दिवा, तीन थाळ्या आणि दाराबाहेर ‘उघडू नका’ म्हणून उभे केलेले धाकटे भावंड. हायपोतून काढलेला कागद वाहत्या पाण्यात पुष्कळ वेळ धुवावा लागतो. पाणी विहिरीतून शेंदायचे असल्यास तेवढा धीर कोणाला? नीट न धुतलेली ती चित्रे काही वर्षांनी पिवळी पडत. त्या वह्यांत आणखी एक उणीव सदा आढळते. चित्र घेणारा चित्रात नसतो. विलायतेतील ती आई कापडाखाली गेली होती; येथे बहुधा वडील कॅमेऱ्यामागे गेले. दहा वर्षांच्या वहीत त्यांची खूण म्हणजे अंगणात पुढे पसरलेली एक लांब सावली.

तापीकाठची हवा अशा कागदांना मानवत नाही. छायाचित्रावरचा थर जिलेटिनचा, म्हणजे प्राणिज असतो. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते आणि ओले झालेले दोन कागद एकमेकांना कायमचे चिकटतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा मोठा भाग पुराखाली गेला. पाणी ओसरल्यावर भांडी घासता आली, कपडे वाळवता आले. ट्रंकेच्या तळाशी असलेल्या वह्यांचे मात्र बहुतेक ठिकाणी लगद्याचे गोळे झाले. चिकटलेली चित्रे ओढून सोडवू नयेत, ती स्वच्छ थंड पाण्यात भिजू द्यावीत आणि सावलीत पसरून वाळवावीत, एवढी साधी गोष्ट तेव्हा पुष्कळांना ठाऊक नव्हती.

आता कामरेजच्या नव्या वस्त्यांत सौराष्ट्रातून हिऱ्यांच्या कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले वाढत आहेत आणि प्रत्येक घरात, प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. बाराची मर्यादा गेली. पाळण्यातल्या बाळाची एका सकाळीच शंभर चित्रे निघतात. जुन्या वह्यांतील चित्रे मात्र जितकी आहेत तितकीच. त्यांतील चेहरे ओळखणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत. चित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, दाब न देता लिहिता येते. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूस उमटते. नाव, साल, कोणाची पडवी. आणि आठवत असल्यास, चित्र कोणी घेतले तेही.