भागवत आणि सोहोनी: एका शास्त्रज्ञेची मोजदाद

१९३५ साली 'बायोकेमिकल जर्नल' या ब्रिटिश नियतकालिकाच्या २९व्या खंडात, पान ९०९ पासून, एक छोटा शोधनिबंध छापून आला. विषय होता कडधान्यांतील प्रथिनेतर नायट्रोजन. लेखक दोन: भागवत आणि श्रीनिवासय्या. काम झाले होते बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे त्या शहराच्या बोलीतल्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये.

वीस वर्षांनी, १९५५ साली, 'नेचर'च्या १७५व्या खंडात एक टिपण आले. वाल आणि डबल बी यांतून ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थ स्फटिकरूपात वेगळे केल्याचे त्यात सांगितले होते. लेखक दोन: सोहोनी आणि आंबे. काम मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले.

पहिल्या निबंधातल्या भागवत आणि दुसऱ्यातल्या सोहोनी या एकच. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. मराठी वाचकाला हे सांगावे लागत नाही. आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावलेल्या सूचीला मात्र ते कोणीतरी सांगावेच लागते.

आज संशोधकाची नेमणूक, बढती आणि अनुदान पुष्कळदा दोन आकड्यांवर ठरते: किती निबंध छापले आणि त्यांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला. या दोन्हींना एका अंकात बसवणारा एच-निर्देशांक २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. ज्याचे किमान दहा निबंध प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेखले गेले, त्याचा निर्देशांक किमान दहा. मोजायला सोपा, म्हणून तो झपाट्याने पसरला. पोषण आणि वैद्यकीय जीवरसायनशास्त्रात आयुष्य घालवलेल्या कमलाबाईंना हे माप लावायचे झाले, तर सुरुवात आकड्यांपासून करून चालणार नाही. आधी कागद गोळा करावे लागतील.

बेंगळुरूचा काळ सर्वांना माहीत आहे तो एका आठवणीमुळे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून कमलाबाईंनी इन्स्टिट्यूटकडे अर्ज केला. त्यांचे वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले. तेव्हाचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, कमलाबाई हटल्या नाहीत आणि अखेर एका वर्षाच्या अटीवर त्यांना घेतले गेले. ही हकिकत खुद्द कमलाबाईंनी उतारवयात सांगितली आणि तो अपमान आपण विसरलो नाही, हेही सांगितले. साक्ष म्हणून तिचे मोल मोठे आहे. पण ती पन्नास वर्षांनंतरची साक्ष आहे. त्या काळातला छापील पुरावा म्हणजे १९३५ चा हा निबंध. प्रवेश नाकारल्यानंतर दोन वर्षांच्या आत त्यांचे काम परदेशी नियतकालिकाने स्वीकारले, एवढे त्यावरून निःशंक म्हणता येते. त्यांचे नाव मार्गदर्शक श्रीनिवासय्यांच्या आधी आहे, याचा मात्र फार अर्थ काढू नये, कारण वर्णानुक्रमानेही भागवत हे नाव आधीच येते.

१९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पदवी घेतली आणि पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथल्या कामाचे कागद सलग सापडतात. १९३८: 'बायोकेमिकल जर्नल', खंड ३२, भागवत आणि रिक्टर, विषय प्राण्यांतील फिनोलेझ आणि अ‍ॅड्रेनलिन. १९३९: त्याच नियतकालिकाचा खंड ३३, भागवत, ब्लाश्को आणि रिक्टर, शीर्षक केवळ 'अमाइन ऑक्सिडेज'. १९३९: 'नेचर', खंड १४३, हिल आणि भागवत, सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज. त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली.

लोकप्रिय लेखनात एक वाक्य वारंवार येते: वनस्पतींत सायटोक्रोम असते, हा शोध कमलाबाईंनी लावला. कागद पाहिले की हे वाक्य टिकत नाही. केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोमवर निबंध लिहिला आणि हे श्वसन-रंगद्रव्य प्राणी, यीस्ट व उच्च वनस्पती या तिन्हींत आढळते, हे त्याच्या शीर्षकातच नोंदवले. हिल आणि भागवत यांचा विषय त्यापुढचा होता: सायटोक्रोमचे ऑक्सिडीकरण करणारे विकर. पेशी प्राणवायू वापरते त्या साखळीतला हा शेवटचा दुवा. प्राण्यांच्या पेशींत दिसलेली श्वसनाची यंत्रणा वनस्पतींतही तशीच आहे का, या प्रश्नाचा तो गाभा होता. न लावलेला शोध कमलाबाईंच्या नावावर चढवला, की त्यांनी खरोखर केलेले काम झाकले जाते. कामाचा आकार नेमका सांगणे हाच त्यांचा खरा मान आहे.

परत आल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. १९४४ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'च्या ३२व्या खंडात भागवत आणि देवी यांचे निबंध आले. काही खाद्यपदार्थ आणि तेलबिया ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कसे निकामी करतात, हा त्यांचा विषय. या जीवनसत्त्वाच्या अभावाने बेरीबेरी होतो. ताटात काय वाढले आणि अंगी काय लागले, यांतले अंतर मोजणारे हे काम होते.

१९४७ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. इथे नोंदींचा खरा गुंता सुरू होतो. १९४७ पर्यंत भागवत आणि नंतर सोहोनी, अशी रेघ ओढून काम भागले असते. पण १९५१ साली 'न्यू फायटॉलॉजिस्ट'च्या ५०व्या खंडात, पान ११२ वर, उच्च वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा सविस्तर निबंध आला, आणि लेखक आहेत भागवत आणि हिल. केंब्रिजचे काम बारा वर्षांनी, लग्नानंतर चार वर्षांनी, माहेरच्या नावाने प्रसिद्ध झाले. तारखेवरून नाव ठरवणारा सूचीकार इथे चुकणारच.

लेखकांचा क्रमही पाहावा. १९३९ च्या 'नेचर'मध्ये हिल आधी, भागवत नंतर. १९५१ मध्ये भागवत आधी. याचा परिणाम केवळ मानापुरता राहत नाही. युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स'मध्ये मांडलेल्या कल्पनेतून फिलाडेल्फियात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' उभा राहिला. त्याच्या जाडजूड छापील खंडांत उल्लेखलेला निबंध फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली लागत असे. म्हणजे 'नेचर'मधल्या त्या निबंधाचा कोणी उल्लेख केला, तर तो हिल यांच्या खात्यावर जमा. कमलाबाईंचे नाव त्या ओळीत येणारच नाही.

शिवाय ही सूची सुरू झाली ती १९६१ मध्ये छापलेल्या साहित्यापासून. त्याआधीची वर्षे पुष्कळ नंतर भरली गेली. १९३५ च्या निबंधाचा चाळीसच्या दशकात कोणी आधार घेतला असेल, तर मूळ सूचीत त्याला जागाच नव्हती. भारतीय नियतकालिकांपैकीही फार थोडी तिच्यात घेतली जात. वालावरचे बरेच काम मात्र भारतीय नियतकालिकांत आले, आणि ते साहजिक होते. ते वाचायला हवे होते इथल्याच आहारतज्ज्ञांनी.

वालाची गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. बेंगळुरूत ज्याला अवरेकाळु म्हणतात आणि हिवाळ्यात ज्याची जत्राच भरते, कोकणात ज्याचे बिरडे होते, तेच हे कडधान्य. ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर. कच्च्या वालातला एक घटक त्यालाच अडवतो, त्यामुळे प्रथिने पोटात जाऊनही पूर्ण कामी येत नाहीत. नीट शिजवल्यावर या घटकाचा जोर पुष्कळ ओसरतो. तो शुद्ध, स्फटिकरूपात हाती आला की त्याचे गुण तपासता येतात. गरिबाच्या ताटातल्या प्रथिनाचा प्रश्न यामुळे मापात आला.

आकड्यांतून निसटणारी आणखी एक गोष्ट आहे. १९३९ चा 'अमाइन ऑक्सिडेज' ज्या विकरावर आहे, ते पुढे मोनोअमाइन ऑक्सिडेज म्हणून ओळखले गेले. १९५२ साली झेलर यांनी दाखवले की क्षयावरचे इप्रोनायझिड हे औषध या विकराला रोखते. १९५७ मध्ये नेथन क्लाइन यांनी तेच औषध नैराश्याच्या रुग्णांना देऊन आलेला गुण नोंदवला, आणि नैराश्यविरोधी औषधांचा एक पूर्ण वर्ग उभा राहिला. या विकराची ओळख ज्यांनी पायरीपायरीने पक्की केली, त्या थोड्या लोकांत कमलाबाई होत्या. श्रेय त्याहून जास्त द्यायचे कारण नाही, आणि कमीही देऊ नये. पण ज्ञान पाठ्यपुस्तकात शिरले की मूळ निबंधाचा उल्लेख थांबतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही प्रक्रिया ओळखून दाखवली. निबंध जितका मुरतो, तितका तो मोजणीतून नाहीसा होतो.

आणि निबंधांच्या पलीकडचे काम? १९६६ साली मुंबईत काही महिलांनी ग्राहक मार्गदर्शनासाठी जी संस्था स्थापन केली, तिच्याशी कमलाबाई निगडित राहिल्या. अन्नातली भेसळ ओळखण्याचे सोपे मार्ग त्यांनी सामान्य गृहिणींपर्यंत नेले. त्या कामाला कुठलाच निर्देशांक नाही.

उल्लेख मोजू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. कोणाचे काम कोणाला उपयोगी पडले, याचा तो एक प्रामाणिक माग आहे. मात्र क्रम सांभाळावा लागतो. आधी एका माणसाचे सगळे कागद एका नावाखाली आणावेत, मग ते वाचावेत, आणि मोजणी सर्वांत शेवटी करावी. हा क्रम उलटा केला, तर आपण माणूस मोजत नाही, सूचीतली भोके मोजतो. २०१२ पासून संशोधकांना ऑर्किड नावाचा कायमचा ओळखक्रमांक मिळतो आणि नाव बदलले तरी काम विखुरत नाही. गेलेल्या पिढीसाठी तो क्रमांक कोणी काढणार नाही. ते काम ग्रंथपालांचे आणि इतिहास लिहिणाऱ्यांचे आहे.

बेंगळुरू, केंब्रिज, कुन्नूर आणि मुंबई या चार ठिकाणचे कमलाबाईंचे निबंध एका यादीत आले पाहिजेत, प्रत्येकापुढे खंड, पान आणि छापलेले नाव जसेच्या तसे. बेंगळुरूच्या आणि मुंबईच्या विज्ञानसंस्थांनी मिळून ही यादी करावी. आणि तिच्या माथ्यावर एक ओळ असावी: भागवत आणि सोहोनी या एकच आहेत.